विहीर आटली की खेळाबाहेर

भाच्यानं बंगळुरूहून एक खेळ पाठवला. पट, पत्ते, काचेचे निळे थेंब, आणि बत्तीस पानांचं नियमांचं पुस्तक. मी गणिताची शिक्षिका, मला काय अवघड, असं म्हणून बसले आणि सहाव्या पानावरच घाम फुटला. आठ दिवस रोज शाळेतून आल्यावर सगळे नियम मराठीत वहीत उतरवले. नवरा म्हणाला, "बोर्डाचा पेपर काढतेस का?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हा आटापिटा एका मैत्रिणीसाठी होता. तिचा नवरा जाऊन आठ महिने झाले होते. राहते नगरमध्येच, रिक्षानं दहा मिनिटांवर, पण घराबाहेर पडायचं नाव नाही. या रविवारी दुपारी कशीबशी 'येते' म्हणाली होती. आता ती रमली नाही तर पुन्हा काही येणार नाही, याची मला धास्ती होती. नुसतं गप्पांना बोलावलं तर आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत बसणार. समोर खेळ असला की तेवढंच बरं.

बाकी दोघी कॉलेजपासूनच्या. एक नर्स, दुसरीची नेवाशाकडे शेती. खेळ समजावून सांगायला पाऊण तास गेला. प्रत्येकीचं एक गाव, एक विहीर. थेंब म्हणजे पाणी. त्यावर पिकं काढायची, जमेल तिथं दुसरीचं पाणी अडवायचं. विहीर आटली की ती बाई खेळाबाहेर. नर्स मध्येच फोनवर बोलायची आणि परत येऊन विचारायची, "काय म्हणालीस?" शेतीवालीनं तूप घालून शेंगदाण्याचे लाडू आणले होते आणि त्याच हातांनी ती पत्ते उचलत होती.

"अगं बाई, हात पूस आधी!" मी तीनदा ओरडले.

"लई कडक हाय बाई तू. सापशिडी काय वाईट होती?"

जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, ती नुसती मान डोलवत होती. तिसऱ्या फेरीत तिनं सगळ्या वावरांत ऊस लावला आणि तिची विहीर आटली. त्याबरोबर शेतीवालीनं आपले तीन थेंब तिच्या विहिरीत टाकले. "घे. आमच्यात एखाद्याचं पीक वाळायला लागलं तर पाटाच्या पाण्याची आपली पाळी देत्यात त्याला." नर्सनंही दोन टाकले.

माझं डोकंच फिरलं. "असं देता येत नाही! एवढी वही कशाला लिहिली मी? ऊस लावताना विचार करायचा होता तिनं. झाली ती बाहेर, संपलं!"

बोलले आणि जीभ चावली. नर्सनं मला डोळ्यांनीच दटावलं. झालं, आता ही पर्स उचलणार, असं वाटलं.

तिनं ते पाचही थेंब मोजून दोघींच्या विहिरींत परत टाकले. "बरोबर बोलली ती. आठ महिने झाले, जो तो मला देतोच आहे. डबे येतात. माझ्या हातची भाजी खारट झाली तरी जाऊ मुकाट खाते. कुणी भांडत नाही गं माझ्याशी. भांडायचे ते एकटे हेच."

मला रडूच आलं. वर लाजही वाटली, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ती सांगून टाकली. तिनं जिंकावं म्हणून सकाळी मी चांगले पत्ते तिच्या वाट्याला येतील असे लावून ठेवले होते.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "एवढी चांगली पानं जन्मात कधी आली होती का मला?" आणि ती हसली, चांगली खो खो हसली. "आण इकडे ते पत्ते. मी पिसते."

दुसऱ्या डावात तिनं माझं पाणी दोन्हीकडून अडवलं. वर उसावरून शेतीवालीशी कडाकडा भांडली. चौथ्या फेरीत मी खेळाबाहेर झाले, आणि मला एक थेंब कुणी देऊ केला नाही. मी चहा ठेवायला उठले तेव्हा ती पटावरची नजर न काढता म्हणाली, "पुढच्या रविवारी माझ्याकडे या सगळ्या. आणि येताना डबे आणू नका. स्वयंपाक मी करणार आहे."