लॉरीतली मुहूर्तमेढ

धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी मुंबईहून एक पेटी, दोन लुगडी आणि भरपूर ऐट घेऊन आलो. मुंबईत मी मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला होतो. सन तीस नुकतंच उलटलं होतं. आमच्या वाडीत मोटार जवळून पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिच्या पोटात हात घातलेला मी एकटाच. वय बावीस. चार भोकं पाडून चार बोल्ट आवळले की जगातलं कुठलंही काम होतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

आमचं गाव खेडजवळ, आणि लग्न हर्ण्याच्या अलीकडे, नवऱ्यामुलाच्या दारी. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना हलवता येईना. म्हणून बैठकीत ठरलं की मांडव एकच, तो त्यांच्याकडे. दापोलीचा चढउतार धरून वाट चौदा कोसांची. मी मुंबईहूनच पत्र टाकलं होतं, की आईला मोटारीतून नेतो. ते पत्र मास्तरांनी आमच्या पडवीत बसून मोठ्याने वाचलं, त्यामुळे माझा शब्द सगळ्या वाडीने ऐकला होता.

आईला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी उतारावर बैलगाडी उलटून तिचा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून चाक असलेल्या कुठल्याही वस्तूत तिने पाय ठेवला नव्हता. माहेरी जायचं तरी लंगडत, बसत-उठत, पण पायीच. चौदा कोस मात्र तिच्याने झाले नसते.

"मी नाय यायची," तिने सांगून टाकलं. "दारात मांडव नाय नि पोरीला मोटारीत घालून धाडायची. माजा आशीर्वाद हितनंच."

बहीण त्या दिवशी जेवली नाही. आमचे वडील ती लहान असतानाच गेले होते. लग्नात आईही नसेल तर तिच्या पाठीशी उभं कोण राहणार होतं? मी तिला म्हटलं, "तू जेव. आईला मी बसवतो." म्हणताना आवाज मोठा काढला, पण कसं ते मलाच ठाऊक नव्हतं.

लॉरी खेडच्या एका व्यापाऱ्याची होती. तो हर्ण्याहून मीठ आणि सुकी मासळी आणायचा आणि लॉरी स्वतःच चालवायचा. जाताना ती रिकामीच जाते, वऱ्हाड घेऊन जाईन, म्हणाला. भला माणूस, पण त्या लॉरीवर त्याचा जीव पोटच्या पोरासारखा. निघायच्या आदल्या सकाळी त्याने ती आमच्या खळ्यात आणून उभी केली. मागचा हौदा नव्या सागवानी फळ्यांचा, दोन्ही बाजूंना उंच फळ्या, त्यांना दोर ओवायला लोखंडी कड्या. मी माझा बेत सांगितला. आईला धरायला चार खांब आणि आडवा दांडा, चढावर इंजिन तापलं तर पाण्याचा डबा, आगीसाठी वाळूची बादली, आणि चाकांखाली लावायच्या लाकडी पाचरी हाताशी.

"काय हवं ते कर," तो म्हणाला. "पण माझ्या हौद्याला भोक पाडायचं नाही. खिळासुद्धा नको. मिठाचं पाणी भोकातून खाली उतरलं की लोखंड खाऊन टाकतं."

मी मुंबईहून खास आणलेलं गिरमिट हातात घेऊन उभा होतो. ते गुपचूप पेटीत गेलं.

मग मी तारेने बांधायला घेतलं. दुपारपर्यंत खपलो. शेजारपाजारचे बघायला जमले, तेव्हा मी तारेचे वेढे जरा जास्तच झोकात मारले. शेवटी आईला हाक मारली. ती लंगडत आली, खाली उभ्यानेच तिने जवळच्या खांबाला हात घातला आणि एक हिसका दिला. खांब तिच्या हातात आला.

"घे," म्हणाली, आणि केरसुणी द्यावी तसा खांब माझ्या हातात देऊन चुलीपाशी निघून गेली.

लोक हसले. माझं डोकं फिरलं. मी वाळूच्या बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती हे अंगठ्याला कळल्यावर मला कळलं. एका पायावर नाचत असतानाच आमचा मामा आला.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. पंचक्रोशीतले लग्नाचे मांडव तोच बांधायचा. खिळा म्हणून वापरायचा नाही, सगळं काम पोफळीचे सोट आणि काथ्याची दोरी यांवर. त्याने माझ्या तारा पाहिल्या, माझा अंगठा पाहिला, आणि फक्त विचारलं, "पोफळी कुठं हाईत?"

मग मी नुसता बघत राहिलो. फळ्यांना ओरखडा नको म्हणून त्याने प्रत्येक सोटाच्या बुडाला गोणपाट गुंडाळलं. सोट बाजूच्या फळीला लावला, कडीतून दोर ओवला, दोन वेढे उभे, दोन आडवे. मग वेढ्यात हातभर काठी घालून पिळायला लागला. एकेका पिळाला दोर कुरकुरायचा. काठीचं टोक बांधून टाकलं की सोट जागचा हलायचा नाही. मी अंगाने लोंबकळून पाहिलं, तरी हलला नाही. मला रागही आला आणि मजाही वाटली.

पण हे सगळं दुसऱ्या सोटापासून. पहिला सोट हातात घेऊन मामा आधी बराच वेळ नुसता उभा होता.

"बांध ना मामा," मी म्हटलं.

"असा कसा बांदू? लग्नाची मेढ हाय. हळद-कुकू नको? आंब्याची डहाळी आन. आनि तुज्या आयेला सांग, पाच सवाशिनी बोलव."

मी म्हटलं, अरे ही लॉरी आहे! त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने आंब्यावर चढलो. बायका आल्या. सोटाला हळदकुंकू लागलं, शेंड्याला डहाळी बांधली, नारळ फुटला. गाणी सुरू झाली. आई जरा दूर, तुळशीपाशी उभी होती. विधवा म्हणून तिने मेढीला हळद लावायची नव्हती, पण बघता बघता तीही गुणगुणायला लागली. वाडीतल्या एका सुनेला गाण्याची पुढची ओळ आठवेना, तर आईने तिथूनच ओरडून सांगितली.

चारी सोट उभे राहिले, आडवा दांडा बसला, डबा, बादली, पाचरी सगळं काथ्याने जखडलं. तेवढ्यात व्यापारी आला. खाली वाकून, फळीन्‌फळी हाताने चाचपून त्याने पाहिली. "झकास! उद्या हर्ण्याला पोचलो की सोडून टाकू, मला मीठ भरायचंय."

"सोडायचं कसं?" मामा म्हणाला. "मुहूर्तमेढ हाय. पोरगी लगीन करून माहेरी परतली, की मग मांडव सुटंल. पाचव्या दिशी."

व्यापाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण तोही इथलाच. हळद लागलेल्या मेढीला हात लावायची त्याची छाती नव्हती. "म्हणजे पाच दिवस मी मांडव घेऊन मीठ वाहू?" तो म्हणाला, आणि स्वतःच हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायका चढल्या. बहीण चढली आणि खाली बघत राहिली. आई लॉरीजवळ आली. डहाळीकडे तिने मान वर करून पाहिलं.

"ह्यो माज्या पोरीचा मांडव ना?" तिने मामाला विचारलं.

"तुज्याच दारात घातलाय," मामा म्हणाला.

आईने पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुखरा गुडघा उचलून वर चढली. बहिणीने तिला मिठी मारली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.

मग काय विचारता! हौद्याला सुक्या बोंबलांचा वास, त्यात अबोलीच्या वेण्या, नवी लुगडी, आणि सगळ्यांच्या वरताण आईचं गाणं. दापोलीच्या चढावर इंजिन उकळलं. मी पाचरी ओढून चाकांखाली घातल्या, डब्यातलं पाणी ओतलं. लॉरी वीतभर मागे सरकली तेव्हा बायका किंचाळल्या. आईने दांडा घट्ट धरून त्यांना दटावलं, "वरडताय काय? मांडवात हाय आपन."

पाच दिवस त्या लॉरीने मीठ आणि बोंबील वाहिले, सुकलेली डहाळी मिरवत. हर्ण्याच्या बंदरावरची माणसं व्यापाऱ्याला विचारत, नवरी कुठाय? पाचव्या दिवशी मी बहिणीला आणायला निघालो, तर आई माझ्या आधीच हौद्यात जाऊन बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बहीण घरी आली आणि मामाने मांडव सोडला. व्यापारी पुन्हा हौद्यात चढून फळ्या चाचपत बसला. एक ओरखडा नव्हता. मी मामाबरोबर काथ्याच्या गुंडाळ्या करत होतो. न राहवून विचारलं, "मामा, खरं सांग. ती डहाळी, ती हळद, सगळं सवयीनं केलंस, की मुद्दाम?"

त्याने हातातली गुंडाळी पुरी केली.

"तू भोकं पाडून खांब उभे केले असतेस रे बाबा," तो म्हणाला. "पन माजी भैन घरीच ऱ्हायली असती."