उभ्या गाडीचा धूर

पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमधली नळी ओढून काढली आणि स्क्रीनकडे बघत मान हलवली. "ताई, परत फेल. सकाळपेक्षा जरा बरी हाय, पण फेलच."

त्या दिवशी दुसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओत गाडी दाखवायची होती. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेलेली, नोंदणी पुन्हा करून घ्यायची, आणि पीयूसी नसेल तर तिथं कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं. पुण्याच्या भावानं तर भंगारवाल्याशी बोलूनच ठेवलं होतं. "त्या डब्यापायी किती नाचणार आहेस?" म्हणाला. मी फोन आपटला. राग आला की मला बोलणं सुचत नाही, आपटणं सुचतं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णांनी उभा जन्म रेल्वेची डिझेल इंजिनं चालवली. निवृत्त झाल्यावर हौसेनं ही पांढरी गाडी घेतली. पुढं काचबिंदूनं नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून त्यांनी एक काम धरलं होतं. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली यायचं, गाडीत बसायचं, इंजिन चालू करायचं आणि चांगला अर्धा तास तसंच चालू ठेवायचं. गाडी जागची हलायची नाही. यार्डात डिझेल इंजिन सहसा बंद करत नसत, थंड पडलं की पुन्हा चालू होताना जीव खातं. तीच शिस्त अण्णांनी घरच्या गाडीला लावली होती. गल्लीतून जाणारे थांबायचे. "जय भीम अण्णा, निघाली का गाडी?" विचारायचे. "सिग्नल न्हाय अजून," अण्णा सांगायचे. दिवसातला तेवढाच वेळ ते पूर्वीचे अण्णा असायचे. गाडी गेली असती तर त्यांनी खाट धरली असती, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. भावाला हे पुण्यात बसून कुठलं दिसायला?

पंपाला लागूनच गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकनं दुपारी प्लग आणि फिल्टर बदलून दिले होते. माझ्यासोबत आलेले अण्णा समोरच्या गाड्यावर चहा घेत होते, तेवढ्यात तो माझ्याजवळ आला.

"ताई, ही गाडी कोण उभ्या उभ्या चालू ठेवतंय का?"

"का?"

"जुने प्लग काजळीनं भरलेले. गाडी चालतच न्हाय, मग इंजिन पुरतं तापत न्हाय. अर्धवट जळलेलं सगळं आत बसलंय. एक करा, हायवेला घ्या, तिसऱ्या गिअरात पळवा, चांगली तापवा. येताना बंद करू नका, तशीच मशिनला लावा. त्यात न्हाय झालं तर इंजिन खोलावं लागंल."

इंजिन खोलून एका रात्रीत कुठलं व्हायला! पीयूसीवाला दिवेलागणीला व्हॅन घेऊन जाणार होता आणि ऊन आताच कलंडलं होतं.

"काय म्हणला?" अण्णांनी गाडीत बसता बसता विचारलं.

"फिरवून आणा म्हणला," मी अर्धंच सांगितलं.

पुण्याच्या रस्त्याला लागले आणि तिसरा गिअर टाकून पाय दाबला. इंजिन किंचाळायला लागलं. मागून काळा धूर सुटला, आरशात मला दिसत होता. एक मोटारसायकलवाला शिव्या देत बाजूनं गेला. अण्णांनी दाराची मूठ घट्ट धरली.

"चौथा टाक की! रडतंय ते इंजिन!"

"टाकायचा न्हाय अण्णा."

"अगं, फुटंल!"

"गप बसा हो तुमी!" मी ओरडले. वडिलांवर असं कधी ओरडले नव्हते. पण मी घाबरले होते. इंजिन खरंच फुटलं तर अण्णांच्या गाडीची माती मीच केली असं झालं असतं. तापमानाचा काटा हळूहळू वर सरकत होता आणि माझा एक डोळा त्याच्यावरच होता.

चिंचोळी एमआयडीसीच्या आसपास धूर विरळ झाला. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते. "खाकरणं गेलं," ते हळूच म्हणाले. मी पुढून वळून परत फिरले, तर नेमकी पाळी सुटलेली. कंपन्यांच्या बसगाड्या, दुचाक्या, चालत निघालेल्या बाया. गाडी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. काटा आणखी वर गेला. बंद करावी तर तापवलेलं सगळं पाण्यात, चालू ठेवावी तर इंजिन जाण्याची भीती. अण्णांना काटा दिसत नव्हता, पण वासावरून त्यांनी ओळखलं. "हीटर लाव. सगळी गरमी आत घे," म्हणाले. लावला. भट्टीत बसल्यागत झालं. अण्णांचा शर्ट अंगाला चिकटला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. काटा थांबला.

पंपावर पोचलो तेव्हा पीयूसीवाला व्हॅनचं दार ओढत होता. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. तो चरफडत खाली उतरला, नळी आत घातली. स्क्रीनवरचे आकडे उतरायला लागले, मध्येच अडकले, पुन्हा उतरले.

"पास," तो म्हणाला.

अण्णांनी गाडीच्या टपावर थाप मारली. "बघ! रोज चालू ठिवत हुतो म्हणून पास झाली. न्हायतर कवाच जाम झाली असती." मेकॅनिकनं माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं आत गेला.

घराच्या गल्लीत गाडी लावली. लपवून चाललं असतं तर लपवलं असतं, पण सकाळी ते पुन्हा खाली आले असते.

"अण्णा, उद्यापासनं उभी चालू ठेवायची न्हाय. त्यानंच फेल हुत होती. तिला रोज फिरवायला लागंल, मी फिरवते ऑफिसच्या आधी."

"म्हंजे मीच बिगडवली म्हण की."

मी नुसतं "व्हय" म्हटलं आणि मला रडू आलं.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, तो त्यांच्याच घामानं ओला होता, म्हणून परत ठेवला. मग समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "तू फिरवशील तवा मी बाजूला बसलो तर चालंल का?"

इंजिनामागं हजारभर माणसं घेऊन निघणारे माझे वडील माझी परवानगी मागत होते.