अपिलाचा निकाल लागेपर्यंत

त्या पाड्यावरच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा शाळेवर कोर्टात दावा चालू आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला म्हणून आम्ही कराडकडून इकडे आलो होतो. मलाही पालघर तालुक्यातच शाळा मिळाली, पण ती बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला. एस्टी रस्त्यावर सोडून जायची. तिथून बांधाबांधानं, मग सागाच्या झाडीतून चढत जायचं. एका खोलीची शाळा. कुडाच्या सारवलेल्या भिंती, वर कौलं, आणि दाराशी तारेनं टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. तीच शाळेची घंटा.

ऐन पावसाळ्यात खोली मुलांनी गच्च भरलेली असे. ओल्या केसांचा आणि चुलीच्या धुराचा वास, फळ्याखाली गळतीसाठी ठेवलेलं पातेलं, आणि एका सुरात चाललेले पाढे. मला वाटलं, बरी आहे शाळा. मग दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि एका सकाळी मी चढून वर आले तर पाड्याच्या तोंडाशी मागच्या गाडीवाटेनं आलेला ट्रक उभा होता. लोक त्यात मडकी चढवत होते, कोंबड्या चढवत होते, माझी मुलं चढवत होते. सगळे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघाले होते. दुसरीतल्या एका मुलीनं ट्रकमधून मला हात केला. तिच्या हातात पाटी होती.

त्या दिवशी मी रिकाम्या खोलीत हजेरी घेतली. काय करावं ते कळेना म्हणून घेतली. सगळ्या नावांपुढे गैरहजेरीची खूण केली आणि दाराकडे पाहिलं, तर उंबऱ्यावर एक म्हातारा बसला होता. त्याला सगळा पाडा आजा म्हणायचा, मीही आजाच म्हणू लागले. दाव्याची हकीकत मला त्यानंच सांगितली.

जिल्ह्याच्या शिक्षण समितीनं ठरवलं होतं की ही शाळा बंद करायची आणि मुलांची नावं ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत घालायची. कारण एकच, वर्षातले अर्धे महिने इथे कुणी नसतं. आजा तरुणपणी केळव्याला एका सुपारीच्या वाडीत कामाला होता. त्या वाडीवाल्यांचा मुलगा पुढे पालघरला वकील झाला. आजा त्याच्याकडे गेला, कागदावर अंगठा उठवला, आणि पालघरच्या कोर्टानं शाळा बंद करायला मनाई केली. समिती वर ठाण्याला अपिलात गेली. तिथे असं ठरलं की अपिलाचा निकाल लागेपर्यंत शाळा जशी आहे तशी चालू ठेवायची. आजा वादी होता. तारखांना हजर राहायला पाहिजे, म्हणून तो मुलासुनेबरोबर भट्टीवर गेला नव्हता. त्याची बायको आणि शेजारची एक आजारी बाई, एवढीच माणसं पाड्यावर उरली होती.

मला खरं सांगायचं तर शाळा बंद झाली असती तरी चाललं असतं. बंद झाली की माझी बदली बोईसरजवळ होणार होती. घरापासून चालत जाता येईल अशी शाळा, शेजारी बोलायला इतर शिक्षिका. मी आजाला म्हटलं, मुलं नाहीत तर मी तरी रोज येऊन काय करणार? त्यानं उलट मलाच विचारलं.

"कोर्टानं चालू ठेवा म्हटलाय ना बाय?"

"हो."

"मंग चालवा."

इतकं सरळ होतं ते. दुसऱ्या दिवसापासून मी शाळा चालवू लागले.

सकाळी घंटा द्यायची. डोंगरावरून तिचा आवाज परत यायचा, थोडा उशिरानं, जणू दुसऱ्या कुठल्यातरी शाळेची घंटा आहे. फळ्यावर वार आणि तारीख लिहायची. मग पुस्तक उघडून धडा वाचायचा, मोठ्यानं. पहिले काही दिवस माझाच आवाज मला परका वाटायचा. चटया मांडलेल्या, त्यांच्यावर कौलांच्या फटीतून पडलेले उन्हाचे तुकडे, आणि ते तुकडे धडा संपेपर्यंत एका चटईवरून दुसरीवर सरकलेले. आजा दाराशी बसून दोर वळायचा. हळूहळू त्याची बायको आत येऊन भिंतीला टेकू लागली. मग ती आजारी बाईही यायला लागली, घोंगडी पांघरून.

मी त्यांना भूगोल वाचून दाखवला, कारण तो त्यांना आवडायचा. वाळवंटाचा धडा, नदीचा धडा. बर्फाच्या प्रदेशात सहा महिने सूर्य मावळत नाही आणि सहा महिने उगवत नाही, हे वाचलं तेव्हा आजाचा दोर थांबला.

"मंग त्या अंधारात ती लोका कामाला कुठं जात?" त्यानं विचारलं.

पुस्तकात ते नव्हतं. म्हातारी म्हणाली, जात असतील कुठेतरी, आणि आजानं दोर पुन्हा हाती घेतला. बाहेर पळसाची पानं वाजत होती. दुपारी हवा मोकळी झाली की शाळेच्या मागच्या उंचवट्यावरून दूर पश्चिमेला एक पांढरी रेघ चमकायची. तो समुद्र. त्याच्या काठाशी अणुवीज केंद्राची चिमणी, काडीएवढी. तिच्या अलीकडे कुठेतरी धुराच्या पट्ट्यात माझं घर होतं, आणि रात्रपाळी करून आलेला नवरा तिथे झोपलेला असायचा. इतक्या लांबून ते सगळं कुणीतरी मला सांगितलेलं असावं तसं वाटायचं. मी स्वतः तिथे राहते हे खरं वाटत नसे.

एकदा विस्तार अधिकारी आले. शाळा तपासायचं काम त्यांचंच. त्यांनी चटया पाहिल्या, फळा पाहिला, आणि हसून म्हणाले की बाई, तुम्ही पगार समितीचा घेता आणि काम समोरच्या पक्षाचं करता. मी म्हटलं की मी शाळा उघडते एवढंच. ते म्हणाले, अपिलात पाहणीसाठी कोर्टाचा माणूस यायचा आहे, त्या दिवशी तुम्ही रजेवर गेलात तर कुणाचं काही बिघडणार नाही. तुमच्या बदलीचंही मग बघता येईल. आवाज चढवून नाही, काळजीनंच बोलले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला जमेल तसं कर, पण रजा घेतलीस तर खरीखुरी आजारी पड. मला हसू आलं. पण बराच वेळ मला ती खोली दिसत राहिली. कुलूप लावलेली, आणि बाहेर दोर वळत बसलेला आजा. मी रजा घेतली नाही.

कोर्टानं पाहणीसाठी नेमलेले वकीलसाहेब माघातल्या एका दुपारी आले. शहरातले होते, उन्हानं लाल झालेले, बुटांवर धुळीचा थर. ते मोठ्या गावाकडून ओढा ओलांडून चालत आले होते. वाटेत त्यांना माझ्या वाचनाचा आवाज ऐकू आला आणि वर्ग भरलेला आहे असंच त्यांना वाटलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दारात येऊन पाहतात तर चटईवर तीन मोठी माणसं, आणि मी समोर उभी, हातात चौथीचं पुस्तक.

"मुलं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

हजेरीत बारकी गडबड करता आली असती, आज सुट्टी आहे म्हणता आलं असतं. आजा माझ्याकडे पाहत होता, पण त्याच्या नजरेत काही सांगणं नव्हतं.

"आज एकही मूल नाही," मी म्हणाले. "दिवाळीनंतर नसतात. भट्ट्यांवर जातात आईबापांबरोबर. पेरणीच्या आत परत येतात."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, शाळा गेली. आजाच्या बायकोनं त्यांना कोरा चहा दिला. ते उंबऱ्यावर बसून प्यायले, आणि मग म्हणाले की परत जाताना ओढा नीट पाहू, अंतर लिहायचं आहे. आजा त्यांच्याबरोबर निघाला. मीही मागे गेले.

ओढा कोरडा होता. नुसते गोटे, मधे एक डबकं, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. समितीनं कोर्टात सांगितलं होतं तसंच होतं, पोरं खेळत खेळत पलीकडे जातील असं. वकीलसाहेब मधोमध उभे राहिले आणि काठावरच्या उंबराकडे पाहू लागले. त्याच्या फांद्यांत, त्यांच्या डोक्याच्या पुष्कळ वर, सुकलेल्या गवताचे झुबके अडकले होते.

"हे गवत वर कुणी ठेवलं?"

"पाण्यानं," आजा म्हणाला.

वकीलसाहेबांनी एकदा वर पाहिलं, एकदा पायाखालच्या गोट्यांकडे, आणि पुन्हा वर. मग ते ओढ्यातून बाहेर आले आणि काठावर बसून खूप वेळ लिहीत राहिले. आम्ही दोघं बाजूला उभे होतो. पोपटांचा एक थवा आरडत डोक्यावरून गेला. मुलं पाड्यावर असतात तेव्हा ओढा असा नसतो, आणि ओढा असा असतो तेव्हा मुलं नसतात, हे आम्हांला सांगावं लागलं नाही.

निकाल लागायला पुढचा सबंध पावसाळा गेला. ठाण्याच्या कोर्टानं समितीचं अपील काढून टाकलं. केळव्याच्या वकिलांनी पाड्यावर येऊन सगळ्यांना अंगणात बसवून समजावलं. मुलं पोटासाठी आईबापांमागे गेली म्हणून त्यांची शाळा काढून घेता येत नाही, नावं पटावर आहेत तोवर शाळा आहे, आणि जिथे पावसाळ्यात पोचता येत नाही ती शाळा जवळची म्हणता येत नाही. समिती त्याच्या वर गेली नाही. लोकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या. ढोल वगैरे काही वाजलं नाही. भात कापायला आलं होतं, ते सगळे पुन्हा शेतात गेले.

मी आजाला विचारलं, आता काय करणार?

"आता जातू भट्टीवर," तो म्हणाला. "कोर्टानं लय बसवला मला. पोराच्या जिवावर खाल्ला."

तो हसत होता. इतकं हलकं झालेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा तो सगळ्यांत आधी चढला, बायकोला हात देऊन वर घेतलं. शेजारची बाई बरी झाली होती, तीही गेली. जाताना त्यानं मला सांगितलं की शाला चालू ठेवा बाय.

त्या हिवाळ्यात पाड्यावर खरंच कुणी नव्हतं. मी घंटा द्यायची, तारीख लिहायची आणि वाचायची. कधी वाचता वाचता वाटायचं, भिंतीशी कुणी टेकून बसलंय. वर पाहिलं की फक्त ऊन असायचं. बोईसरच्या शाळेत जागा रिकामी आहे असा निरोप विस्तार अधिकाऱ्यांकडून आला. ते मनानं वाईट नव्हते. अर्ज मी केला नाही. का केला नाही, ते नवऱ्यालाही नीट सांगता आलं नाही. पेरणीपर्यंत थांबते, एवढंच म्हणाले, आणि तशी पुढे कितीतरी वर्षं थांबले.

त्या हिवाळ्यानंतरची उन्हाळ्याची सुट्टी लागायला थोडे दिवस राहिले होते. दुपारी खोली तापून जायची, बाहेर मोहाची फुलं पडून त्यांचा गोड वास आत भरलेला असायचा. धडा संपवून मी जरा डोळे मिटले. खुर्चीतच कधी झोप लागली कळलं नाही. जाग आली तेव्हा समोरच्या चटया भरल्या होत्या. विटांच्या तांबड्या धुळीनं माखलेली पोरं, केस भुरभुरीत, काही जण आधीपेक्षा उंच. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं मी अजून झोपेतच आहे.

पुढच्या रांगेतली एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "बाय, तुमी निजल्या व्हत्या. आमी वाट बगत व्हतो."

मी उठले, तोंडावर पाणी मारलं आणि हजेरी घ्यायला बसले.