राजाचं नसलेलं नाणं

वडशाहून फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर नंबर टाकत होतो. पलीकडे एका राइस मिलचे मुनीम होते. हमीदभाऊ बसस्टँडजवळ चहा पीत उभे होते, तिथंच कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. मी म्हणालो, "बरं. त्यांना सांगा, नागपूरहून छोटा तराजू आला आहे." मुनीम म्हणाले, "सांगतो." बिचारे दुसरं काय म्हणणार होते? फोन ठेवून मी आणखी काही पुस्तकांवर नंबर टाकले. ते सगळे चुकले होते, हे नंतर कळलं. आदल्या दिवशी सकाळी हा माणूस माझ्या टेबलावर कोपर टेकून, "मी आलो का आपण दोघं बसून नाण्यांचं वजन करू," असं बजावून गेला होता. तो चहा पिता पिता मरतो, हे वाक्य मला आजही व्याकरणदृष्ट्या बरोबर आणि अर्थदृष्ट्या अशक्य वाटतं.

चंद्रपुरात परकोटाच्या आत हमीदभाऊंचं दुकान होतं. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करायची आणि जुनी मोड वजनावर घ्यायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. खेड्यांतून येणाऱ्या मोडीत पाणी भरायचे चेपलेले गुंड, फुटक्या पराती, कड्या असत आणि मधूनच एखादं ओबडधोबड नाणं. वावर नांगरताना निघालेलं, घरात कुठं तरी पडून राहिलेलं. वडील ती नाणी भांड्यांबरोबरच वितळवायला पाठवत. हमीदभाऊ ती बाजूला काढू लागले. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्यावर कायतरी लिहेल आहे ना बाप्पा. लिहेल वस्तू जाळावी कशी?" त्यांना अरबी लिपीतली अक्षरं ओळखता येत, कारण थोरल्या बहिणीनं, म्हणजे आपांनी, लहानपणी कान पिळून ती शिकवली होती. माझ्याकडे नाणेशास्त्राची दोन-तीन जाडजूड पुस्तकं होती, जी मी येईपर्यंत कुणी उघडलेली नव्हती. त्यांची अक्षरं आणि माझी पुस्तकं यांची अशी भागीदारी जमली. बरोबर येण्यापेक्षा आम्ही चुकतच जास्त होतो, पण चुकायला सोबत होती.

ही नाणी गरिबांची. ज्यांना सोन्याची मोहर हवी असे शौकीन दुकानात डोकावत आणि तांबं पाहून निघून जात. हमीदभाऊंना त्याचं सुखच वाटे. गधैया नावाची जुनी नाणी असतात. त्यांवर मुळात राजाचा चेहरा होता, पण नकलेची नक्कल होत होत त्याचे नुसते ठिपके आणि रेघा उरल्या. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हा कोन होय जी?" हमीदभाऊ गंभीरपणे म्हणाले, "पूर्वी राजा होता. आता तुमच्यासारखाच झाला." गिऱ्हाईक हसलं आणि परात थोडी स्वस्तात देऊन गेलं. सुलतानी काळातल्या तांब्याच्या नाण्यांची गंमत वेगळी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे मजकूर कधीच पुरता उमटत नाही. एका नाण्यावर नावाचं डोकं, तर दुसऱ्यावर पाय. म्हणून एकाच ठशाची दोन-चार नाणी जमवायची, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्यांवर दाबून छाप घ्यायचे आणि ते शेजारी शेजारी सरकवत बसायचं. हमीदभाऊ सिगारेट ओढत नसत. कागदासाठी ते पानठेल्यापुढच्या कचऱ्यात हात घालत. तिथं त्यांना पाहून एका प्राध्यापकांनी माझ्याकडे सहानुभूतीनं चौकशी केली होती.

मग जिवतीकडच्या एका शेतकऱ्याच्या मोडीत ते नाणं आलं. त्याच्या एका बाजूला पंजा उगारलेलं जनावर दिसत होतं. आमच्या परकोटाच्या वेशींवर हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे, ती इथल्या गोंड राजांची खूण. दुकानात बसलेल्या कुणीतरी ते नाणं पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं, चांद्याच्या राजाचं नाणं सापडलं! वर्तमानपत्रात बातमी आली. आमचे अण्णासाहेब, जे बऱ्याच गोष्टींचे माजी अध्यक्ष आहेत आणि उरलेल्यांचे भावी, ते शाल-नारळाची तारीख ठरवायला स्वतः दुकानात आले. सभागृहात काचेची पेटी ठेवायची आणि खाली पितळी पाटी, असं ठरलं. पाटीवर राजाच्या नावाखाली अण्णासाहेबांचंही नाव येणार होतं, टाइप थोडा लहान.

त्या दिवसांत एकदा हमीदभाऊंनी ग्रंथालयात येऊन चंदेरी कागद माझ्यापुढं सरकवला. "पाहा बरं. हा पंजा नाई वाटून राह्यला मले. हे शीनचे दात होत." शीन म्हणजे अरबीतला 'श'. त्याला तीन दात असतात आणि झिजलेल्या तांब्यावर ते हुबेहूब पंज्यासारखे दिसत होते. मला मात्र अजून जनावरच दिसत होतं आणि मी तसं म्हणालो. "तुमाले बातमी वाचून दिसते," ते म्हणाले. "असंच दुसरं नाणं भेटलं पायजे." मी म्हणालो, सोडा हो, काचेच्या पेटीत कोण वाचायला जातो? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच चष्मा पुसायला घेतला. "मले काय कमी आनंद झाला असता? परकोटाच्या आत जन्मलो मी. आपल्या राजाचं नाणं माह्या मोडीत निघालं असतं, तर मी गावभर साखर वाटली असती. पण नाई ना ते त्याचं." गावात कुजबुज सुरू झालीच होती, की याला त्याचेच सुलतान दिसणार. ती त्यांच्या कानावर गेली होती. तिच्याबद्दल ते एवढंच म्हणाले, "म्हणून तर दुसरं पायजे. माह्या तोंडावर कोन विश्वास ठेवते?"

वडशाच्या एका मोडवाल्याकडे तसं नाणं असल्याचा निरोप मिळाला, म्हणून ते तिकडे गेले होते.

फोन आला त्या संध्याकाळी जीपमधून त्यांना आणलं. मुनिमांनी खिशातल्या वस्तू रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या. चष्मा, परतीचं तिकीट आणि चंदेरी कागदाची एक पुडी. ती मी दुसऱ्या दिवशी उघडली. आत तांब्याचं नाणं होतं, त्याच ठशाचं, पण मजकूर डावीकडे सरकलेला. जनावराच्या जागी स्वच्छ अक्षरं होती. म्हणजे त्यांना ते मिळालं होतं! मिळालेलं पाहून त्यांनी चहा मागवला असणार... मी इतका हादरलो होतो, की पहिला विचार आला तो हे हमीदभाऊंना दाखवायचा.

शोकसभेत अण्णासाहेब अर्धा तास बोलले. "आमच्या राजाची मुद्रा शोधून काढणारा इतिहासपुरुष," असं म्हणून त्यांनी सत्कारासाठी आणलेली शाल फोटोला पांघरली. मला बोलायला उठवलं. मी म्हणालो, की ते नाणं राजाचं नाही असं हमीदभाऊंचं मत होतं. अण्णासाहेबांनी लगेच माइक घेतला आणि म्हणाले, "हाच तर त्यांचा विनय!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे लोकांना जरा उशिरा आठवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब नाणं न्यायला हमीदभाऊंच्या घरी आले. वडशाचं नाणं मी तेव्हाच आपांना द्यायला गेलो होतो. हमीदभाऊ विधुर, घरात दोघंच भाऊबहीण. आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या. या बाईंनी मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांना अरबी अक्षरं शिकवलेली आहेत. त्या दिवशी मात्र समोर काय चाललंय हे त्यांना कळतंय की नाही, याची मला शंका होती.

"आपा, आता ती वास्तू... ती वस्तू समाजाची झाली," अण्णासाहेब म्हणाले.

आपांनी डबा उघडून जिवतीचं नाणं काढलं. माझ्या हातातलं वडशाचं घेतलं. दोन्ही तबकात ठेवून त्यांच्यापुढं केली.

"न्या. पण दोनी न्या."

"पेटीत जागा एकाचीच आहे हो. आणि हे दुसरं..." त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "यावर सिंह कुठाय?"

"नाई. म्हणूनच तो वडशाले गेला होता. दोनी ठेवा, नाईतर दोनी राहू द्या इथीच."

"पाटी तयार झाली आहे, आपा."

"मंग पाटीच ठेवा पेटीत," आपा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी चष्मा पुसला नाही. त्यांनी चहा अर्धा ठेवला, पुन्हा येतो म्हणाले, आणि आजवर आलेले नाहीत. पेटी सभागृहात रिकामी आहे असं ऐकतो.

ते गेल्यावर आपांनी नाणी तबकातून उचलून चटईवर ठेवली. इतकी वर्षं घरात हा पसारा होता, पण त्यांनी तो कधी जवळून पाहिला नव्हता. "कसं वाचत होता तो?" त्यांनी विचारलं. मी दोन्ही नाणी एकमेकांना टेकवली आणि एक जरा वर सरकवलं. मुलांना शिकवताना ठेवत असाव्यात तसं आपांनी बोट अक्षरावर ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्यानं म्हणू लागल्या. अलिफ... हे... मीम... दाल. "अहमद." बोट पुढं सरकलं. शीनचे तीन दात आले, ज्यांना गाव पंजा म्हणत होतं. "शाह." मग 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढे बापाचं नाव हवं. बोट तांब्याच्या कडेवरून चटईवर उतरलं आणि थांबलं.

"इथीच संपते?"

"तांबं संपते, आपा," मी म्हणालो. "नाव पुढं आहे."

त्यांनी बोट उचललं नाही.