चावीचा बेडूक

खेळण्यांशी कधीही न खेळता त्यांच्यावर एवढा जीव टाकणारा दुसरा माणूस जगात नसेल, असं मी आमच्या वरच्या फ्लॅटमधल्या काकांबद्दल छातीठोकपणे सांगू शकते. शारजाच्या अल नहदा भागातल्या त्यांच्या हॉलमध्ये सोफा एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असायचा. बाकी सगळी काचेची कपाटं आणि त्यांत पत्र्याच्या जुन्या मोटारी, आगगाड्या, झांजा वाजवणारी माकडं. रंग उडू नयेत म्हणून पडदे कायमचे ओढलेले आणि एसी इतका गार, की बाहेर ऊन भाजून काढत असताना काकू घरात शाल पांघरून भाजी निवडायच्या. पाहुण्यांनी हात धुऊन, पुसून मगच कपाटाजवळ जायचं. हात लावायला मनाईच होती, पण धुवायचे तरीही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच काका अजमानच्या जुन्या सामानाच्या बाजारात हजर. "भाईसाब, इसका खोका है क्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मूळ खोकं नसलेलं खेळणं म्हणजे अर्धी किंमत गेली, आणि सीलबंद खोकं म्हणजे साक्षात देव. "ही मोटार आज बाराशे दिरहम, म्हणजे आपले अठ्ठावीस हजार!" असं सांगून ते स्वतःच थक्क व्हायचे. विकलं मात्र आयुष्यात एकही नाही. एकदा पुण्याहून येताना विमानतळावर त्यांच्या हातातल्या बॅगेत माकड सापडलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "फॉर चिल्ड्रन?" काका दचकून म्हणाले, "नो, नो! चिल्ड्रन नॉट अलाउड!"

अशा माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, ते माझ्या वडिलांमुळे. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि सावरल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आले. पाय बरे चालायचे, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. फिजिओथेरपिस्टनं दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो डाव्या हातानं भिरकावून दिला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" चाळीस वर्षं बँकेत सह्या केलेला माणूस, त्यांना मी जेवण भरवायची आणि ते माझ्याकडे न बघता गिळायचे.

काका विचारपूस करायला आले, त्या दिवशी चेंडू नेमका त्यांच्या पायाशी येऊन पडला. ते तसेच वर गेले आणि एक खोकं घेऊन खाली आले, मागोमाग काकू. आत चावीचा हिरवा बेडूक, खोक्याचं सील शाबूत. काकांनी माझ्याकडून सुरी मागितली आणि सील कापलं.

"अहो, हे काय केलंत!" काकू किंचाळल्या.

काकांनी बेडूक बाबांपुढे ठेवला. "भाऊसाहेब, चावी फार घट्ट आहे. माझ्याच्यानं फिरत नाही. तुम्ही जरा बघता का?"

मदत करायला सांगितल्यावर बाबा नाही म्हणेनात. डाव्या हातात बेडूक धरायचा आणि उजव्या बोटांनी चावीशी झुंजायचं. बोटं घसरायची, बाबा चिडायचे, काका शेजारी बसून म्हणायचे, "यल्ला, चला भाऊसाहेब! घट्टच आहे ती." काही आठवडे रोज संध्याकाळी हा उद्योग चालला. मग एकदा कर्रकर्र आवाज झाला. बेडूक टेबलावर टुणटुण उड्या मारत कडेला गेला आणि खाली आपटला. पाय वाकडा झाला, रंगाचा टवका उडाला.

बाबा पांढरेफटक पडले. "याची किंमत किती होती?"

"चार हजार दिरहम. नव्वद हजारांच्या वर."

"आणि आता?"

"आता खलास!" काका डोळे पुसत हसत होते. "विकायचा प्रश्नच मिटला. द्या पुन्हा चावी!"

मागच्या वर्षी काका निवृत्त होऊन सांगलीला परत गेले. निघायच्या आदल्या दिवशी दोघं आमच्याकडे चहाला आले. बाबांनी किटली माझ्या हातातून काढून घेतली आणि उजव्या हातानं काकांच्या कपात चहा ओतला. थोडा बशीत सांडला. काकांनी आधी बशीतला चहा प्यायला, मग कपातला.