कॅनॉलच्या कठड्यावरची संध्याकाळ

गोठणवाडी हे आमचं गाव कासुर्डी आणि वरवंडच्या मधे, हायवे सोडून आत. गावाला लागून कॅनॉल जातो आणि कॅनॉलपलीकडं फुलांचे मळे आहेत. झेंडू, शेवंती, अष्टर. कॅनॉलला पाणी सुटलं की गावाची हवाच बदलते. दुपारी कडक वाटणारं ऊन संध्याकाळी पाण्यावर उतरलं की मऊ होतं, मळ्यांवरून फुलांचा ओलसर वास गावात येतो, आणि लांब हायवेवरच्या गाड्या आवाज नसल्यासारख्या सरकत राहतात.

नकुशीकाकू रासकर या गावात लग्न होऊन आल्या त्या शिरूरहून. त्यांचं लहानपण घोडनदीच्या काठावर गेलं. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. आई धुणं घेऊन नदीवर जायची आणि धाकटीला खडकावर बसवून ठेवायची. ही चौथी मुलगी, म्हणून नाव नकुशी. पोर रडायची नाही, पाण्याकडं बघत राहायची आणि बघता बघता बसल्या जागी झोपायची. काकू अजून सांगतात, "जागी असताना काय बघितलं आन् सपनात काय, माझं मलाच उमगत न्हाई. नदीच्या पान्यावरनं एक पांढरी गाय चालत गेल्याली मला चांगली आठवती. आई म्हनायची, असली गाय कवाच नव्हती."

पुढं असल्या नावाच्या मुलींना नवी नावं देण्याचे कार्यक्रम झाले. काकू पंचायतीला उभ्या राहिल्या तेव्हा कुणीतरी त्यांनाही सुचवलं, की बॅनरवर जरा बरं नाव टाकू. काकू म्हणाल्या, "इतकी वर्सं ह्याच नावाला ओ देतीय. नवं नाव ठिवलं तर कुनी हाक मारल्याली मला कळायची न्हाई."

उभ्या राहिल्या म्हणजे नवऱ्यानं उभं केलं. वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव झाली होती आणि बबनराव म्हणाले, तुझं डोकं थंड आहे, तूच जा. काकू निवडून आल्या. मासिक सभेत त्या खिडकीशी बसायच्या. खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावल्या समोरच्या भिंतीवर हलायच्या, आणि काकूंची नजर त्या सावल्यांवर. ग्रामसेवक विषय वाचायचे, हात वर व्हायचे, काकूंचाही व्हायचा. पुष्कळांना वाटायचं, बाई डोळे उघडे ठेवून झोपते.

आता पुलाची गोष्ट. कॅनॉलवरच्या पुलाला दोन्ही बाजूंनी रुंद दगडी कठडे आहेत. संध्याकाळी डेअरीला दूध घालून झालं, कंपन्यांची पाळी सुटली, की पुरुषमंडळी तिथं येऊन बसायची. प्लास्टिकचे ग्लास, शेंगदाण्याच्या पुड्या, बाटल्या. रिकाम्या बाटल्या पाण्यात. फुलं तोडून मळ्यातून परतणाऱ्या बायकांनाही हाच पूल जवळचा होता. एकदा काकूंची सून प्रांजल डोक्यावर पाटी घेऊन येत होती, तेव्हा कठड्यावरून कुणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं ते तिनं घरात सांगितलं नाही. पण त्यानंतर ती दिवस मावळायच्या सुमाराला पुलावरून आली नाही. हळूहळू सगळ्याच बायका उसातून, बांधाबांधानं पुढच्या पुलाची लांबची वाट धरून यायला लागल्या. तक्रारी झाल्या. पोलिसांची गाडी आली की माणसं उठायची आणि गाडी गेली की परत बसायची.

मार्गशीर्षात विक्रमनं पंचायतीत अर्ज दिला. विक्रम म्हणजे सरपंच हौसरावआप्पांचा पुतण्या, गावातल्या मोठ्या जमीनदार घरातला. पुलाला लागून असलेल्या त्याच्या जागेत त्याला हॉटेल बांधायचं होतं. खाली परमिट रूम, वर राहायच्या खोल्या. त्यासाठी पंचायतीचा ना-हरकत दाखला हवा होता.

विक्रम मुलगा वाईट नव्हता. तो स्वतः काकूंच्या घरी आला, ओट्यावर बसला, चहा घेतला.

"काकू, तुमच्या वॉर्डातली जागा हाय म्हणून आधी तुमच्याकडं आलो. पुलावर उघड्यावर पिणारी मानसं आत येऊन बसतील. रस्ता मोकळा होईल, बायकांची वाट मोकळी होईल. ह्यात वाईट काय हाय?"

काकूंना त्यात वाईट काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "बघते."

सभेत आप्पांनीही घाई केली नाही. विषय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपुढं ठेवायचा आणि तोवर वॉर्डाच्या सदस्यानं जागा बघून यायची.

जागा बघायला काकू संध्याकाळी गेल्या, एकट्या. ऊन तांबूस झालं होतं. कॅनॉल काठोकाठ भरून वाहत होता. पाण्यावर धुक्याचा पातळ पदर धरायला लागला होता आणि त्यात पलीकडचे झेंडूचे वाफे तरंगल्यासारखे दिसत होते. काकूंना वाटलं, आपण कुठंतरी शिरूरलाच आलोय. जागा बघायची राहिली, आणि त्या जाऊन कठड्यावर बसल्या.

कठड्यावरची माणसं गोंधळली. कुणी ग्लास पाठीमागं लपवला, कुणी उठून गेलं. राहिला तो पप्पू. पप्पू बबनरावांचा चुलतभाऊ, काकूंचा दीर, कंपनीत कामाला. त्यानं बाटली पायाशी ठेवली आणि मान खाली घातली.

"वहिनी, तुम्ही हितं कशा?"

"बसलेय. तू बस की."

पाणी पुलाखालून जाताना घशातल्या घशात बोलल्यासारखा आवाज करत होतं. बगळ्यांची एक रांग पाण्याला टेकेल इतक्या खालून गेली.

मग काकूंनी विचारलं, "विक्रमचं हॉटेल झाल्यावर तू तिथं बसशील?"

पप्पूनं विचार केला. "पियाला जाईन. बसायला न्हाई जानार."

"म्हंजी?"

"दिसभर कंपनीत मशीनच्या पुढं असतो वहिनी. भिंत आन् ट्यूबलाइट. घरी आलो की परत भिंत. हितं पाय सोडून बसलं की पानी वाहतं बघा, डोक्यातलं सगळं घिऊन जातं. मग येकटंच काय बसायचं, म्हणून बाटली. आता बाटलीसाठी येतो का पान्यासाठी, ते माझं मला कळत न्हाई."

काकू त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांना त्याचा राग यायला हवा होता. प्रांजल उसातून येते ती ह्याच माणसांमुळं. तरी त्या वेळी त्यांच्या मनात आलं ते इतकंच, की गावातल्या बायकांना असं पाय सोडून बसायला कुठं मिळतं.

दुसऱ्या दिवशी तोडलेल्या झेंडूची पाटी घेऊन काकू सरळ पुलावर आल्या. बरोबर प्रांजल होती. दोघी कठड्यावर बसून माळा ओवायला लागल्या. प्रांजल समोरच्या माणसांकडं पाठ करून बसली, पण बसली. पुढच्या दिवशी शेजारच्या मळ्यातल्या बायका आल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. घरात बल्बच्या उजेडात ओवायच्या माळा बायका उन्हाच्या शेवटच्या उजेडात ओवायला लागल्या, एवढंच. पुरुष आधी एका कठड्यावर दाटीनं बसले, मग पांगले. एकदोन म्हातारे मात्र रिकाम्या हातानं येऊन टेकायला लागले आणि बायकांना दोरा तोडून द्यायला लागले.

मग एका संध्याकाळी सुवर्णा आली. सुवर्णा पप्पूची बायको. समोरच्या कठड्यावर पप्पू बसला होता. सुवर्णानं त्याच्याकडं बघितलं नाही. ती काकूंच्या शेजारी बसली, पाटीतली फुलं ओटीत घेतली आणि ओवायला लागली. पप्पूनं थोडा वेळ वाट बघितली. मग बाटली घेऊन तो उठला आणि पलीकडच्या काठाला निघून गेला.

ग्रामसभा झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात झाली. विक्रमनं आपलं म्हणणं नीट मांडलं. गावातली पोरं कामाला लागतील, रस्त्यावरचं पिणं बंद होईल. पुष्कळांना पटलं. मग आप्पांनी काकूंना विचारलं, तुम्ही जागा बघितली, तुमचं मत काय?

काकू सभेत पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. त्या सावकाश बोलल्या.

"विक्रम म्हनतो ती अडचन खरी हाय. पुलावर पिऊ द्यायची न्हाई, हे माझंबी म्हननं. पन त्याचं हॉटेल उभं राहिलं की कॅनॉल गावाला दिसायचा न्हाई. त्यो दिसतो तेवढीच येक जागा हाय. तिथं भिंत नको."

मागून कुणीतरी हसलं. "कॅनॉल बघून काय मिळायचं, काकू?"

काकू हसणाऱ्याकडं वळल्या. तेव्हा बायकांमधून सुवर्णा उठली.

"लग्नाला इतकी वर्सं झाली, मला संध्याकाळची बसायला जागा नव्हती. आता हाय. पुलाशेजारी पियाची जागा झाली की ती जाईल. मी ती सोडनार न्हाई."

ती खाली बसली. आप्पांनी हात वर करायला सांगितले तेव्हा आधी बायकांचे झाले, मग म्हाताऱ्यांचे, मग इकडंतिकडं बघत बाकीच्यांचे. आप्पांनी पुतण्याकडं बघायचं टाळलं आणि ग्रामसेवकांना म्हणाले, "लिहा. परमिट रूमला ना-हरकत देता येत न्हाई. पुलावर आन् काठावर कुनी पियाला बसलं तर दंड. आन् तिथं चार बाकडी आन् येक दिवा पंचायतीनं लावायचा."

विक्रम बरेच दिवस काकूंशी बोलला नाही. पुढं त्यानं नवा अर्ज दिला, एकमजली गाळ्यांचा. बांधकाम रस्त्याच्या कडेला, कॅनॉलकडची बाजू मोकळी. तो मंजूर झाला. त्या वेळी काकूंनी हात वर केला. आता त्या गाळ्यांत खताचं दुकान आहे आणि एक चहावाला आहे. संध्याकाळी चहा पुलापर्यंत येतो.

सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. पिणं थांबलं नाही. काहीजण हायवेकडच्या धाब्यांवर जायला लागले, काहीजण घरातच प्यायला लागले, आणि त्या घरांतल्या बायकांनी काकूंना बोल लावला. "तुमच्यामुळं आता हे आमच्या उशाशी आलंय," असं एकीनं त्यांना तोंडावर सांगितलं. काकू तिच्याकडं गेल्या, तिच्या दारात बसल्या आणि तिचं सगळं ऐकून उठल्या.

पप्पू पलीकडच्या काठाला, बाभळीखाली एकटा बसायचा. पुलावरून तो धुक्यात उमटलेल्या डागासारखा दिसायचा. एकदा काकू चालत त्याच्यापर्यंत गेल्या.

"हितं काट्यात कशाला बसतोस? बाटली ठिव आन् तिकडं ये."

"तिकडं सुवर्णा बसती."

"मग?"

"ती हसती तिथं. मला हितनं ऐकू येतं. मी गेलो की थांबंल."

काकू त्याच्याजवळ थोडा वेळ बसल्या. पलीकडून बायकांचं बोलणं पाण्यावरून येत होतं. शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता, जसा झोप लागता लागता दुसऱ्या खोलीतून घरच्यांचा येतो. पप्पू ते ऐकत होता. बाटली उघडलेली नव्हती. त्या दिवशी त्यानं ती नंतर उघडली की नाही, काकूंना माहीत नाही.

चैत्रात पाणी बंद झालं. कॅनॉलचा तळ उघडा पडला, गाळाला भेगा गेल्या. बायका तरी येत राहिल्या. फुलं कमी होती, माळा कमी होत्या, तरी बाकडी भरायची. अशाच एका संध्याकाळी पप्पू कोरड्या कॅनॉलमधून चालत अलीकडं आला आणि शेवटच्या बाकड्याच्या कडेला टेकला. त्याच्या अंगाला दारूचा वास होता. सुवर्णा तिच्या माहेरच्या लग्नातली काहीतरी गंमत सांगत होती. तिनं त्याला बघितलं, जराशी अडखळली आणि पुढं सांगत राहिली. पप्पूनं काकूंना विचारलं, "पानी कवा सुटनार वहिनी?"

"अजून सांगितलं न्हाई," काकू म्हणाल्या.

काकूंची मुदत आता संपत आली आहे. परत उभं राहा म्हणून लोक मागं लागलेत, आप्पासुद्धा. काकू हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. परवा मी त्यांना हेच विचारायला पुलावर गेलो. दिवा अजून लागायचा होता. काकू कठड्याला टेकून बसल्या होत्या, मांडीवर अर्धी माळ, सुई बोटांत तशीच, डोळे समोर मळ्यांवर. प्रांजलनं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. मी शेजारच्या बाकड्यावर बसून राहिलो. मळ्यांवरचा उजेड एकेका वाफ्यावरून निघून जात होता, आणि विचारायचं ते तसंच राहिलं.