कळव्याच्या अ‍ॅडमिन काकू

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं काही मला वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्याआधी आमच्याकडे लिहिणं म्हणजे रजेचा अर्ज, नाहीतर लग्नाच्या पत्रिकेवरची नावं. तरीही लिहितोय, कारण अ‍ॅडमिन काकूंबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं आणि आमच्या ग्रुपवर नीट लिहिणारे लोक कमी आहेत. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

काकू कधी टाइप करत नसत, त्या बोलत. ग्रुपवर त्यांचं जे काही यायचं ते आवाजात यायचं, आणि त्या आवाजामागून त्यांचं सगळं घर यायचं. कुकरची शिट्टी, खालचा मासळीवाला, पंख्याची घरघर. "उद्या पाणी येणार नाही, आज भरून ठेवा, आणि पिंप भरताना... अगं बाई, कढी!" असं म्हणून त्या जायच्या. आम्ही सगळे कळवेकर आपापल्या घरात फोन कानाला लावून कढी वाचते का याची वाट बघायचो. मग त्या परत यायच्या आणि म्हणायच्या, "वाचली. हां, तर पिंप."

नोकरीत असताना त्या ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्तीनंतर एकट्याच राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. ग्रुपमधून कोणाला काढलं की त्या समाधानाने सांगायच्या, "आयुष्यभर लोकांचे फोन जोडले मी. आता तोडायला मिळतात." काढलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांनी परत घ्यायच्याही. घेताना मात्र विचारायच्या, "काय, बरं वाटतंय ना आता?"

ग्रुपचं नाव होतं 'आपला कळवा: फक्त कामाचं'. त्यात कामाचं किती यायचं हे ग्रुपवर असलेल्या कोणालाही विचारा. पण काकूंचे दोन नियम पक्के होते. पहिला, शुभ सकाळ टाकायचं नाही. एक निवृत्त काका रोज पहाटे गुलाबाचं फूल आणि त्याखाली सुविचार टाकायचे. काकूंनी आधी समजावलं. मग एका सकाळी त्यांचा आवाज आला, "अहो, सकाळ झाली हे मला कळतं. खिडकी आहे मला."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याचं स्टिकर बनवलं. गणपतीच्या कार्यक्रमातला त्यांचा बोट वर केलेला फोटो आणि खाली 'खिडकी आहे मला'. ते ग्रुपवर गेलं, तिथून ठाण्यात गेलं, आणि माझ्या वर्गातल्या एका डोंबिवलीच्या मुलीने मलाच पाठवलं, "ही बघ आमच्या इथली काकू, कसली भारी आहे!" मी घाबरून काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे रे. पण फोटो तरी बरा घ्यायचास, पदर वाकडा दिसतोय. आणि त्या डोंबिवलीकरांना सांग, मी कळव्याची आहे."

दुसरा नियम मालिकेचा. रात्री आठची मालिका संपली की अर्धा तास तिच्यावर वाट्टेल ते बोलायची मुभा. सासू खरंच तुरुंगात जाणार का, सून इतके दागिने घालून झोपते कशी, सगळं चालायचं. काकू स्वतः सासूच्या बाजूने होत्या. "ती वाईट आहे, पण कामाला वाघ आहे," असं त्यांचं मत. अर्धा तास झाला की त्या म्हणायच्या, "चला, दार लावते." मग सेटिंग बदलून त्या ग्रुप बंद करायच्या, म्हणजे अ‍ॅडमिनशिवाय कोणाला काही लिहिता येत नसे. सकाळी पुन्हा दार उघडायचं.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती पुस्तकांमुळे. पहिल्या वर्षाला असताना मी ग्रुपवर एक भलामोठा मेसेज टाकला होता. आपणा सर्वांचा अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व, मी एक सामान्य विद्यार्थी असून, वगैरे. पाच मिनिटांत काकूंचा फोन आला. "अरे, मी दोनदा वाचलं. तुला हवंय काय?"

"काकू, अकाउंट्सची जुनी पुस्तकं. कोणाकडे असली तर. नसली तरी काही हरकत नाही."

"नसली तर हरकत आहे! परीक्षा काय पुस्तकांशिवाय देणारेस? पुस्तक हवं असेल तर पुस्तक माग. माफी कसली मागतोस, चोरलंयस का?" मग त्यांनीच ग्रुपवर माझ्यासाठी पुस्तकं मागितली. संध्याकाळपर्यंत खारेगावातल्या एका ताईंनी पूर्ण संच देऊ केला. तेव्हापासून कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपाशी उभा राहिलो की आधी मी मनात काकूंचा आवाज ऐकतो आणि मग बोलतो. दर वेळी जमतंच असं नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री मालिका संपली, अर्धा तास झाला, तास झाला, तरी दार लागलं नाही. लोक खुशीत बोलत राहिले. मी वर सरकवून बघितलं, तर दुपारीच काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या आणि त्याखाली लिहिलं होतं की आता मी अ‍ॅडमिन आहे. एकुलता एक अ‍ॅडमिन बाहेर पडला की ते अ‍ॅप आपणच दुसऱ्या कोणाला तरी अ‍ॅडमिन करून टाकतं. मी आईला फोन दाखवला. ती म्हणाली, "तुला कशाला घेतलंन? मोठं कोणी नव्हतं?"

त्याच दिवशी मालिकेतली आजी वारली होती. कोणीतरी हळवं होऊन ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. श्रद्धांजली कोणाला, हे लिहिलं नव्हतं. आमच्याकडे कोण गेलं हे विचारायच्या आधी हात जोडतात. एकाने जोडले, मग पुढच्याने, मग खालच्या चाळीतल्या सगळ्यांनी. जे मालिका बघत नव्हते त्यांनी काकू दिसत नाहीत हे पाहिलं आणि स्वतःच अर्थ लावला. सकाळी उठून बघतो तर मी केलेल्या स्टिकरला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. गुलाबवाल्या काकांनी लिहिलं होतं, 'शिस्तीची माउली हरपली'.

मी काकूंना फोन लावला. बंद. धावत त्यांच्या इमारतीत गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काल दुपारी छातीत कळा येत होत्या रे तिच्या. खडवलीची भाची आली आणि रिक्षात घालून घेऊन गेली. कुठल्या इस्पितळात ते नाही माहीत. भाचीचा नंबर नाय माझ्याकडे." म्हणजे हार घालणारे मूर्ख होते, पण त्यांची बातमी खोटीच होती असंही मला म्हणता येईना.

खाली येऊन मी ग्रुपचं दार लावलं आणि लिहिलं, 'काकूंना बरं नाही, हॉस्पिटलात नेलंय. यापुढची खात्रीची बातमी कोणाकडेही नाही. ती मिळेपर्यंत श्रद्धांजली बंद. हार घातलेला फोटो ज्याने टाकला त्याने काढावा.' मग मला वेगवेगळे मेसेज आणि फोन यायला लागले. "तू कोण रे आम्हाला शिकवणारा?" "ए भावा, अ‍ॅडमिन झाला म्हणून लय हवा करू नको." गुलाबवाल्या काकांचा फोन मात्र वेगळा होता. ते एवढंच म्हणाले, "बाळा, ती आहे ना रे?" मी म्हणालो, "काका, मला खरंच माहीत नाही."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी फोन लावायचो, रोज बंद. घरी कोणी काही विचारत नव्हतं. आई मात्र देवापाशी जरा जास्त वेळ बसायची, आणि ती तर ग्रुपवर नव्हतीच.

बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. शनिवारी कॉलेज लवकर सुटलं तर मी तिथे जातो आणि आम्ही एकत्र डबा खातो. त्या शनिवारी डबा उघडला आणि फोन वाजला. पडद्यावर काकूंचं नाव होतं. उचलायची हिंमत होईना. बाबांनी नुसतं फोनकडे बोट केलं.

पलीकडे त्यांची भाची होती. "तुमचे एवढे फोन येऊन गेलेत, म्हणून केला. मावशीची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, डोक्याला ताप नको. म्हणून मी पहिल्यांदा तिला सगळ्या ग्रुपांमधून बाहेर काढलं आणि फोन बंद करून ठेवला. कोणी काळजी करेल हे डोक्यातच नाही आलं हो. आता ती माझ्याकडे खडवलीलाच राहणार. ते तीन जिने आता नकोत."

"पण त्या बऱ्या आहेत ना?" मी विचारलं.

"बऱ्या? काल टीव्हीच्या रिमोटवरून बाजूच्या खाटेवरच्या बाईंशी एवढ्या जोरात भांडली, की नर्स धावत आली. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, घेऊन जा हिला घरी."

मी फोन ठेवला. बाबांनी पोळीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता. "काय म्हणाले?"

"काल हॉस्पिटलात भांडल्या म्हणे."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि भाजी माझ्याकडे सरकवून जेवायला लागले.